हलक्या गटाचा अकरावा मानकरी

तोक्यो, ६ एप्रिल १९८४

ताई,

तुझं खोकं पोचलं. खारवलेला सामन आणि तांदूळ, दोन्ही तालमीतल्या पोरांनी एका बैठकीत फस्त केलं. मी हातही लावला नाही. रागावण्याआधी पुढचं वाच.

मागच्या महिन्यात मालकांनी ऑफिसात बोलावलं. मला वाटलं, आता नारळ मिळतोय. चौतीस वर्षांचा घोडा, जड गटातला, रोज दुसऱ्या कुस्तीत चितपट होऊन बाकीच्यांच्या आधी आंघोळ करून मोकळा होणारा. अशा पैलवानाला कोण पोसणार? पण मालक म्हणाले, "ओनोदेरा, तुझं वजन उतरतंय म्हणे. शंभर किलोच्या खाली ये, हलक्या गटात घेतो. पट्ट्यासाठी एक संधी देईन. एकच."

तू त्या पट्ट्याला हसू नकोस. सुरू झाला तेव्हा त्या कुस्तीच्या वेळी लोक बिअर आणायला उठायचे, हे खरं आहे. पहिला मानकरी ओकिनावाचा एक बुटका गडी, लोकांना त्याचं नावही नीट घेता यायचं नाही. तिसरा मेक्सिकोचा. तो पट्टा घेऊन घरी गेला तो आजतागायत परत आला नाही. कंपनीला दुसरा घडवावा लागला. मधे तर पट्ट्याला कोणी वालीच नव्हता, ऑफिसच्या कपाटात पडून होता. मग ती रिंगच्या दोरावरून उड्या मारणारी पोरं आली आणि आता त्याच कुस्तीची तिकिटं आधी संपतात. आजवर दहा मानकरी झाले. आमचे सेनबा वस्ताद चौथे. अकरावा मी होणार.

आणि गंमत अशी की बाकीचे वजन उतरवायला उपाशी मरतात, अंगाला प्लास्टिक गुंडाळून पळतात. माझं आपोआप उतरतंय. भूकच लागत नाही, चार घास खाल्ले की पोट भरतं. जरा जळजळतं, त्यावर औषधाची पूड घेतो. वस्ताद म्हणतात, शरीरालाच कळलंय त्याला कुठे जायचंय. पोरं माझ्यावर जळतात. तेव्हा आता तांदूळ पाठवू नकोस.

तुझा,
यासू


मियाको, १९ एप्रिल

यासू,

आईच्या तसबिरीपुढे ठेवलेले मोचीचे तांदूळगोळे चोरून खाणारा तू, आणि तुला म्हणे भूक लागत नाही. हे पत्र मी आपल्या खानावळीत गिऱ्हाइकांना मोठ्याने वाचून दाखवलं. मासळीबाजारातली माणसं हसून लोटपोट झाली. म्हातारा कुमागाई म्हणाला, "बाई असणार कोणीतरी." असेल तर सांगून टाक, मी काही खात नाही तिला.

परवा टीव्हीवर ओझरता दिसलास. गाल बसलेत. शेजारची म्हणाली, तुझा भाऊ आता कसा देखणा दिसतो, आधी नुसता पिंप होता. मला मात्र पिंपच बरं वाटत होतं. पण तू इतक्या वर्षांत पहिल्यांदा आनंदाने लिहिलंयस, म्हणून गप्प बसते.

तुझे भाओजी स्क्विडच्या बोटीवर उत्तरेला गेलेत, दिवाळं वाजू नये एवढी मासळी मिळो. तू खात नाहीस तर निदान वाकामे समुद्रशेवाळ पाठवते. त्याने वजन वाढत नाही, तेव्हा फेकू नकोस.

ताई


तोक्यो, २७ ऑगस्ट

ताई,

पाहिलंस ना? खरं सांग, रडलीस ना?

मी रडलो. रिंगमध्ये नाही, आत कपडे बदलायच्या खोलीत, तोंडावर टॉवेल घेऊन. सोळा वर्षं मी दुसऱ्याच्या अंगावर पट्टा बांधला जाताना खाली उभा राहून टाळ्या वाजवल्यात. काल माझ्या कमरेला बांधला. वस्तादांनी पाठीवर थाप मारली ती एवढी जोरात की मी पुढे कोलमडलो. लोक म्हणाले, भावना अनावर झाल्या. माझी दमछाक झाली होती, बाकी काही नाही.

पट्ट्याच्या मागच्या बाजूला प्रत्येक मानकऱ्याच्या नावाची एक छोटी पट्टी ठोकतात. आज सकाळी ऑफिसात जाऊन माझी ठोकताना उभा राहून पाहिली. ओनोदेरा यासुहिरो, अकरावा.

आता ऐक, पुढे काय असतं ते. सहा महिन्यांत कोणाशी तरी लढून पट्टा राखायचा. नाही लढलो तर परत करायचा. आणि एकदाही न राखता परत केला, तर इतिहासात माझ्या नावापुढे लिहिणार: राखला, शून्य. वस्तादांचं तसंच आहे. गुडघा फाटला म्हणून त्यांना पुन्हा उभंच राहता आलं नाही. आजही कोणी यादी वाचायला लागलं की ते खोलीबाहेर जातात. मला ते नकोय. एकदा, फक्त एकदा राखला की झालं.

तुझा,
यासू


मियाको, ३ सप्टेंबर

अकराव्या मानकऱ्यास,

रडले. कुमागाईसुद्धा रडला, आणि आता म्हणतो डोळ्यात सोया सॉस गेला होता. बाजार सुटल्यावर वीसेक माणसं माझ्या टीव्हीसमोर बसली होती. साकेचे पैसे मी कोणाकडून घेतले नाहीत.

पण मी एक पाहिलं. त्यांनी पट्टा बांधला तो शेवटच्या भोकात, आणि तरी तू हात वर केलेस तेव्हा तो खाली घसरला. मागून कोणीतरी धरला. निवेदक म्हणाला, "काय शरीर कमावलंय, तोळाभर चरबी नाही." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. झोपताना मात्र ते घसरणं पुन्हा पुन्हा दिसत होतं.

एकदा डॉक्टरला दाखव. नाहीतर इकडे ये, मी दाखवते. मानकरी झालास म्हणून ताईचं ऐकायचं नाही असं कुठल्या नियमात लिहिलंय?

ताई


मोरिओका, १२ ऑक्टोबर

चिदाबाई यांस,

मी सेनबा, तुमच्या भावाचा, यासूचा वस्ताद. मला पत्र लिहायची सवय नाही, चुकलं तर सांभाळून घ्या.

आमचा दौरा तुमच्या भागात आहे. काल बसमध्ये यासूला रक्ताची उलटी झाली. तो म्हणाला, डब्यातला मासा खराब होता. मासा सगळ्यांनी खाल्ला होता. मी बस सरळ मोरिओकाच्या इस्पितळात नेली. तुम्हाला कळवू नये अशी त्याने मला शपथ घातली आहे. ती मी मोडतोय.

आज तपासण्या झाल्या. डॉक्टर मला काही सांगत नाहीत. घरच्याच माणसाशी बोलू म्हणतात. तुम्ही या.

सेनबा


मियाको, २० ऑक्टोबर

सेनबा वस्ताद यांस,

तुम्ही शपथ मोडलीत त्याबद्दल मी आयुष्यभर तुमची ऋणी राहीन. स्टेशनवर नीट बोलता आलं नाही, यासू समोर होता. म्हणून लिहिते.

डॉक्टरांनी मला एका लहान खोलीत नेलं आणि चहा दिला. चहा पुढे केला तेव्हाच मला कळलं. पोटाचा कॅन्सर आहे. पसरायला लागलाय, पण लगेच कापला तर आशा आहे, म्हणाले. "त्यांना आम्ही अल्सर म्हणून सांगतो. तुम्हीही तेच सांगा." मी विचारलं, त्याला का नाही सांगायचं? डॉक्टर माझ्याकडे असे बघायला लागले की मलाच लाज वाटली. "माणूस खचतो, बाई. खचला की आठ दिवसांत जातो."

माझ्या सासऱ्यांनाही आम्ही अल्सरच सांगितला होता. बरा झालो की छप्पर शाकारतो, असं म्हणत म्हणत ते गेले. शांतपणे गेले, बरं झालं, असं सगळे म्हणाले. मीही म्हणाले. आपल्याकडे सगळे असंच करतात, आणि करतात ते मायेनेच.

मी बाहेर आले आणि यासूला म्हटलं, "अल्सर आहे. चरत नव्हतास ना वेळेवर, भोग आता." तो हसला. म्हणाला, "एवढंच ना? आमच्याकडे निम्म्या लोकांना आहे." वस्ताद, सहा महिने आपण त्याचं मांस झडताना पाहिलं आणि शाबासकी दिली. मला हे सहन होत नाहीये.

ऑपरेशन नोव्हेंबरात तोक्योला ठरलंय. कृपा करून तुम्हीही त्याला अल्सरच म्हणा, आणि कंपनीलाही.

चिदा मिनेको


तोक्यो, ४ नोव्हेंबर

ताई,

चिडू नकोस. ऑपरेशन मी पुढे ढकललं.

हिशेब सरळ आहे. आत्ता पोट फाडलं तर फेब्रुवारीच्या आत उभा राहत नाही, आणि मग पट्टा गेला. राखला, शून्य. मालकांनी बारा जानेवारीची कुस्ती पक्की केली आहे. समोर त्सुगे नावाचा पोरगा आहे, क्युशूचा, तेवीस वर्षांचा, माकडासारखा दोरावर चढतो. त्याला एकदा आपटतो आणि तिथून सरळ इस्पितळात जाऊन झोपतो. मग काय कापायचं ते कापा.

दोन महिन्यांनी अल्सर काही पळून जात नाही. औषध घेतोय, पेज खातोय, बिअर बंद. मी डॉक्टरांना विचारलं, "थांबलो तर मरेन का?" ते म्हणाले, "लवकर केलेलं बरं." मरशील म्हणाले नाहीत. म्हणाले असते तर थांबलो असतो, मी काय वेडा आहे?

तुझा,
यासू


मियाको, ८ नोव्हेंबर

यासू,

तू वेडाच आहेस. अल्सर फुटतो, कळलं? आमच्या गल्लीतल्या तोफूवाल्याचा फुटला आणि दोन तासांत कारभार आटोपला. लवकर केलेलं बरं असं डॉक्टर म्हणतात तेव्हा त्याचा अर्थ लवकर कर असा असतो.

शून्य तर शून्य. मला शून्यवाला भाऊ चालेल. आईबाबा गेले, मला मूलबाळ नाही, भाओजी वर्षातले आठ महिने समुद्रावर. तुझ्याशिवाय माझं रक्ताचं कोण आहे सांग. यासू, मी तुझ्याकडे कधी काही मागितलं नाही. आता मागते. ही कुस्ती सोड. का म्हणून विचारू नकोस. ताई म्हणते म्हणून सोड.

ताई


तोक्यो, २० नोव्हेंबर

चिदाबाई यांस,

तुमचं पत्र त्याने मला दाखवलं. म्हणाला, "ताई पहिल्यापासून घाबरट." आणि घडी घालून पाकिटात ठेवलं.

मीही त्याला थांबवायला गेलो. म्हटलं, माझा हुकूम आहे, तू लढायचं नाहीस. तो म्हणाला, "वस्ताद, साध्या अल्सरसाठी पट्टा सोडू? तुम्ही सोडला असता?" उत्तर एकच आहे आणि ते तुम्ही माझ्या तोंडातून काढून घेतलं आहे. मालकांना सगळं सांगून कुस्ती रद्द करवली तर का म्हणून तो विचारणारच, आणि दुसऱ्या दिवशी पेपरात येईल.

मी माणसाचं शरीर ओळखतो, मन ओळखत नाही. डॉक्टर म्हणतात ते खरंही असेल. पण त्याला सांगा. किंवा मला सांगू द्या.

सेनबा


मियाको, २५ नोव्हेंबर

सेनबा वस्ताद यांस,

तुमचं पत्र वाचून मी तोक्योच्या डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, "सांगा हवं तर. पण उद्या त्याने जीवाचं काही बरंवाईट करून घेतलं तर ते तुमच्या माथी."

मी तीनदा पत्र लिहायला घेतलं. 'यासू, तुला' एवढं लिहून हात थांबतो. तो हसतोय, पेज पितोय, जानेवारीची वाट बघतोय. ते हसू मी कसं पुसू? तो लढेल आणि लगेच ऑपरेशन होईल. दोनच महिने. मी रोज देवळात जाते. तुम्हीही गप्प राहा, तुमच्या पाया पडते.

चिदा मिनेको


तोक्यो, १४ जानेवारी १९८५

ताई,

राखला!

तुला टीव्हीवर सगळं दिसलं असेल, तरी माझ्याकडून ऐक. पहिली दहा मिनिटं त्सुगेने माझा भुगा केला. दोनदा दोरावरून पोटावर उडी घेतली. पोटावरच मारणार, त्याने पेपरात वाचलंय ना अल्सरचं. तिसऱ्यांदा चढला तेव्हा मी त्याचा पाय धरला आणि खाली ओढला, आणि वस्तादांचा जुना डाव टाकला, तो मागून कमरेला मिठी मारून उचलायचा. माझ्यात एवढी ताकद कुठून आली मलाच माहीत नाही. पंचाने तिसऱ्यांदा हात आपटला आणि सगळा हॉल माझं नाव घेऊन ओरडत होता. माझं, ताई. दुसऱ्या कुस्तीतल्या ओनोदेराचं.

आयुष्यात इतका सुखी मी कधीच नव्हतो. हे तुला एकदा लिहून ठेवावंसं वाटलं.

सोमवारी इस्पितळात दाखल होतोय. तू येणार आहेस असं वस्ताद म्हणाले. ये, पण खानावळ बंद ठेवून नुकसान करून घेऊ नकोस.

तुझा,
यासू


तोक्यो, ३ फेब्रुवारी

ताई,

तू गेलीस आणि दुसऱ्याच दिवशी मी खुर्चीत बसायला लागलो. आता जिन्यापर्यंत चालतो.

बघ, उगाच घाबरत होतीस. चार तास लागतील म्हणाले होते आणि तासाभरात आटोपलं. डॉक्टर म्हणाले, वाटलं होतं त्यापेक्षा सोपं निघालं. माझं पोट चांगल्या मातीचं आहे. शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याला पाच तास लागले, तो माझा हेवा करतो.

कालच पेपरवाला येऊन गेला. सांगून टाकलं, मे महिन्यात दुसऱ्यांदा पट्टा राखणार. ऑफिसातून निरोप आला की आजारी आहेस तर पट्टा तूर्त परत कर. मी म्हटलं, फेब्रुवारीची मुदत मी जानेवारीतच पाळली आहे, पुढची जुलैत. मेमध्ये या आणि माझ्या कमरेवरून सोडवून न्या. एवढी मिजास आयुष्यात पहिल्यांदा केली. मजा आली.

अजून भूक काही लागत नाही. आतले टाके भरले की लागेल म्हणतात.

तुझा,
यासू


तोक्यो, ६ फेब्रुवारी

चिदाबाई यांस,

ऑपरेशनच्या दिवशी तुम्ही बाहेर येऊन मला म्हणालात, उघडलं आणि तसंच बंद केलं. त्यानंतर आपण दोघं त्याच्या खाटेजवळ जाऊन हसलो. मला पुन्हा तसं हसता येणार नाही.

माझं सांगतो. माझा गुडघा गेला तेव्हा ऑफिसातला एक कारकून इस्पितळात आला, खाटेखालून पट्टा काढला, रुमालात बांधला आणि गेला. मी झोपेचं औषध घेऊन पडलो होतो. जागा झालो तेव्हा खाटेखाली नुसती चप्पल होती. त्यानंतर मी भांडून एक रिवाज पाडून घेतला. ज्याला राखता येणार नाही त्याने स्वतः रिंगमध्ये यायचं, लोकांसमोर पट्टा परत करायचा आणि वाकून निरोप घ्यायचा. आजवर सगळ्या गटांत मिळून पाच जणांनी तसा घेतला. त्यात एकही असा नव्हता जो नंतर म्हणाला की नसता घेतला तर बरं झालं असतं.

यासूला पायांवर उभं राहता येईल असे दिवस आता थोडे आहेत. तो मे महिन्याच्या गोष्टी करतोय. असंच चाललं तर कारकून रुमाल घेऊन येईल. बाई, आता तरी सांगा.

सेनबा


मियाको, १० फेब्रुवारी

यासू,

हे पत्र बसून वाच. वस्तादांना शेजारी बसवून घे, त्यांना माहीत आहे.

तुला अल्सर नाही. कॅन्सर आहे. ऑक्टोबरात मोरिओकाला डॉक्टरांनी मला सांगितलं आणि तुला सांगू नको म्हणाले. ऑपरेशन तासाभरात आटोपलं कारण आत सगळीकडे पसरलं होतं. काही न काढता त्यांनी पोट शिवलं.

मला काही सबब सांगायची नाही. तू खचशील म्हणून मी बोलले नाही. तुझं हसणं बघून माझी हिंमत झाली नाही. तू मेची गोष्ट लिहिलीस आणि मला वाटलं, मी आता अजून एक ओळ खोटी लिहिली तर देव मला क्षमा करणार नाही.

मी येतेय. भाओजींना तार केली आहे. मला खोलीत घ्यायचं नसेल तर मी बाहेर बाकावर बसेन.

ताई


तोक्यो, १५ फेब्रुवारी

ताई,

आलीस तेव्हा मी तुला आत येऊ दिलं नाही. तीन दिवस तू त्या बाकावर होतीस हे मला माहीत होतं. तोंडाने बोललो तर ओरडेन, म्हणून लिहितो. नर्स तुला नेऊन देईल.

वस्ताद म्हणाले, "तू शूर आहेस." नाही ताई, मी शूर नाही. मी अल्सर समजून लढलो. कॅन्सर आहे असं नोव्हेंबरात कळलं असतं तर मी त्याच दिवशी पट्टा टेबलावर ठेवला असता आणि म्हटलं असतं, कापा, आत्ता कापा. शून्य तर शून्य. मला जगायचं होतं. तुझ्या खानावळीत बसून म्हातारपणी पोरांना थापा मारायच्या होत्या. ते शून्य मला इतकं मोठं वाटलं, कारण दुसऱ्या बाजूला काय आहे ते कोणी मला दाखवलंच नाही. त्सुगे पोटावर उड्या मारत होता आणि तू टीव्हीसमोर बसून बघत होतीस. कसं बघवलं गं तुला?

त्या रात्री मी सुखी होतो असं तुला लिहिलं होतं. आता ती रात्र मला आठवायलाही नको वाटते.

डॉक्टरांनी तुला खोलीत नेऊन चहा दिला ते वस्तादांनी सांगितलं, आणि कालपासून एकच विचार करतोय. तू खाटेवर असतीस आणि मला चहा दिला असता, तर मी काय केलं असतं? मीही अल्सरच म्हटलं असतं. म्हणून तुला शिव्या देता येत नाहीत. दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

आता आत ये. येताना डॉक्टरांना विचारून ये, किती दिवस, आणि मला तू सांग. यापुढे जे विचारेन त्याचं खरं उत्तर दे. तेवढं एक कर.

यासू


तोक्यो, २२ जून

चिदाबाई यांस,

यासू गेल्याच्या एकोणपन्नासाव्या दिवसाच्या विधीला दौऱ्यावर होतो, येता आलं नाही, क्षमा करा. तिथूनच उदबत्ती लावली.

मार्चमध्ये यासूने पट्टा परत केला, त्या दिवसाबद्दल लोक अजून बोलतात. तुम्ही त्याच्या काखेत हात घालून उभ्या होतात, तुमच्याशिवाय तो वाकू शकला नसता. आता बारावा मानकरी त्सुगे आहे. जिंकला तेव्हा तो पोरगा हमसून रडला. त्याला वाटतं, त्याच्या उड्यांनी यासू गेला. मी त्याला समजावतोय.

लिहिण्याचं कारण वेगळं. सप्टेंबरच्या मोठ्या कार्यक्रमासाठी कंपनी पट्ट्याचा इतिहास छापते आहे. प्रत्येक मानकऱ्याला एक परिच्छेद. यासूचा सोबत पाठवतो. त्यात लिहिलंय की आपल्याला कॅन्सर आहे हे जाणून, मरणाला न जुमानता अकराव्या मानकऱ्याने पट्टा राखला. मालक म्हणतात, लोकांना हेच आवडेल आणि त्याचाही मान वाढेल. घरच्यांची परवानगी हवी आहे. माझ्याच्याने त्यावर संमतीचा शिक्का मारवला नाही, म्हणून तुम्हाला विचारतो.

सेनबा


मियाको, २७ जून

सेनबा वस्ताद यांस,

परिच्छेद वाचला. सुंदर लिहिलाय. वाचता वाचता मला रडू आलं, आणि मग स्वतःची चीड आली, कारण मी भलत्याच माणसासाठी रडत होते.

शेवटचे दिवस तो इथे होता, खानावळीमागच्या खोलीत. एकदा त्याने विचारलं, "नोव्हेंबरात कापलं असतं तर वाचलो असतो?" खरं सांगायचं आमचं ठरलं होतं. मी म्हटलं, आशा होती असं डॉक्टर म्हणाले होते. तो भिंतीकडे तोंड करून पडला, दिवसभर पाणीही घेतलं नाही. संध्याकाळी मी कूस बदलायला गेले तर उशी ओली होती. म्हणाला, "बरं केलंस सांगितलंस." माझा हात धरून ठेवला. त्याने मला माफ केलं की नाही, मला माहीत नाही. मी विचारलं नाही, कारण त्यालाही खरंच सांगावं लागलं असतं.

मरणाला न जुमानणारा तो माझा भाऊ नव्हे. माझा भाऊ मरणाला घाबरत होता. हे छापलंत तर तुमच्या तालमीतली पोरं वाचतील, पोटात दुखत असताना दात खाऊन गप्प बसतील, आणि त्यांच्या बहिणी त्यांना काही सांगणार नाहीत. त्सुगेलाही हे पत्र दाखवा. त्याच्या उड्यांनी काही झालेलं नाही.

परवानगी नाही. त्याच्या नावापुढे इतकंच छापायला सांगा: अकरावा मानकरी, ओनोदेरा यासुहिरो. पट्टा एकदा राखला. त्या वेळी त्याला कॅन्सर होता, हे त्याला माहीत नव्हतं. त्याच्या बहिणीला माहीत होतं.

खाली माझं नाव पूर्ण घाला.

चिदा मिनेको